तलवारवाल्याची वेणी

११ नोव्हेंबर, मंगळवार

मारली! हिलाही मारली!

एवढं जाडजूड पुस्तक. चेटकीण आणि राजाची मुलगी. आधी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, मग एकमेकींवर जीव जडलेला, मग वादळी रात्री धर्मशाळेत खोलीत एकच पलंग (या लेखिकांच्या राज्यात पलंगांचा कायमचा दुष्काळ!) – आणि शेवटून दुसऱ्या पानावर कुठून तरी बाण. कोणी मारला तेही धड सांगितलेलं नाही. लेखिकेनेच मारला, दुसरं कोण! दोघी सुखात राहिल्या असं लिहायला हात धजत नाही, म्हणून बाण.

फोन गादीवर आपटला. वहिनी दारातून डोकावली – "अभ्यासाचंच वाचतेयस ना गं?"

हो वहिनी. अभ्यासाचंच.

दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडून आलेली मुलगी फोनमध्ये डोकं घालून इंग्रजी वाचते, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणार, असा घरातल्यांनी आपापला समज करून घेतलाय. मी तो मोडत नाही. दादाचा एकच विनोद, जेवताना रोज – "कॉलेजातून नाव काढलंस, आता जरा नाव काढ!" आणि स्वतःच हसतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लाँड्रीत आज हॉस्पिटलच्या चादरी. लॉजच्या चादरी आखूड, त्या एकटीला जमतात. हॉस्पिटलच्या लांबरुंद. त्यांना दोघी लागतात. दोन कोपरे माझ्या हातात, दोन तिच्या. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं. ती तिचे कोपरे माझ्या हातात देते, वाकून खालची दुमड पकडते, मागे जाते. पुन्हा येते. असं दिवसभर. दिवसभर ती माझ्याकडे चालत येते आणि दिवसभर मागे जाते!

मी मनात तिला समोरची म्हणते. तिचं नाव इथेही लिहायचा धीर होत नाही.

तिला इंग्रजीचा कंटाळा. "शाळेतच उरकलं ते माझं." पण गोष्ट हवी. म्हणून रात्री मी वाचते आणि सकाळी चादरींवर मराठीत सांगते. सध्याचं पुस्तक लाख मोलाचं आहे – दीपगृह सांभाळणारी एक मुलगी, आणि सारखी कुठल्या ना कुठल्या लढाईवर जाणारी एक तलवारवाली. जादू नावापुरती. सगळी वाट पाहणंच. ड्रॅगन एकच, तोही म्हातारा, बहुतेक वेळ झोपलेला. लेखिकेला कळलंय की दिव्याची काच पुसता पुसता समुद्राकडे बघणारी बाई दहा ड्रॅगनांना भारी पडते.

फक्त मी सांगताना तलवारवाली म्हणत नाही. तलवारवाला म्हणते.

भित्री कुठली!

पण करू काय? इंग्रजीत 'मी आले' आणि 'मी आलो' एकच. काय सोय आहे! अख्खं पुस्तक दाराआडून बोललं तरी कोणाला पत्ता लागू नये. मराठीत तोंड उघडलं की क्रियापद चुगली करतं. म्हणून मी प्रत्येक वाक्यात तिचा तो करते. गेली – गेला. म्हणाली – म्हणाला. जीभ सतत पहाऱ्यावर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फजिती! सांगण्याच्या भरात बोलून गेले – "त्याने शिरस्त्राण काढलं आणि त्याची लांबसडक वेणी सुटून पाठीवर पडली."

समोरची थांबली. "तलवारवाल्याला वेणी?"

"असते. त्यांच्यात असते."

"कोणी घालून देतं की स्वतःच घालतो?"

मशीनवाले काका ओल्या कपड्यांची गाडी ढकलत चालले होते. ते म्हणाले, "का गं, असते की! आमच्या पुतण्याला आहे. वर रबरबँडसुद्धा लावतो, गुलाबी."

समोरची इतकी हसली की चादर हातातून सुटली. धुतलेली चादर जमिनीवर! मालकीणबाई आतून ओरडल्या, "ती परत मशीनला! गोष्टींनी पोटं भरतात वाटतं तुमची!"

तिचं हसणं कानात आहे. रात्र झाली तरी आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बदल म्हणून एक हलकं वाचलं. केकचं दुकान चालवणारी आणि तिच्या समोरच्याच गाळ्यात फुलं विकणारी. गोड, गोड, गोड. कोणी कोणाला भीतच नाही. एक जण आईला सांगते, आई म्हणते, "मला केव्हाचं माहीत होतं," आणि सगळे केक खायला बसतात! असं कुठे असतं? माझ्या आईला सांगितलं तर ती आधी गॅस बंद करेल, मग खिडक्या. मग दादाला हाक मारेल.

भंपक पुस्तक आहे.

(सगळ्यांसमोर बसून केक खाण्याचं ते पान तीनदा वाचलं. त्याच बाईचं दुसरं शोधून ठेवलंय.)

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जीभ घसरली. सपशेल.

प्रसंगच तसा होता. लढाई संपून खूप दिवस झालेत, बातमी नाही. दीपगृहवाली वर दिवा पुसतेय. खाली दार वाजतं. जिन्यावर पावलं. ती मागे वळत नाही – वळली आणि कोणी नसलं तर? पावलं थांबतात. आणि पाठीमागून फक्त दोन शब्द. प्रेमाबिमाचं काही नाही, शपथा नाहीत. दोनच शब्द! मी रात्री ते वाचून उशीत तोंड खुपसून रडले होते. तर ते सांगताना पहारा कसला राहतोय –

"आणि तो म्हणाला, 'मी आले.'"

समोरची तिचे कोपरे घेऊन माझ्यापर्यंत पोचली होती. कोपरे दिले नाहीत. तशीच उभी. "आले?"

"आलो! आलो गं. मी आलो, असं म्हणाला. जीभ घसरली."

"हं," म्हणाली. कोपरे माझ्या हातात ठेवले, वाकली, दुमड उचलली, मागे गेली. पुढची चादर झाली तरी माझ्याकडे बघत होती. मी चादरीकडे बघत होते.

एवढा चांगला प्रसंग, आणि मी त्याचं वाटोळं केलं. ते दोन शब्द बरोबर होते तेव्हा चुकीचे ठरवले.

१ डिसेंबर, सोमवार

मालकीणबाई दुसऱ्या गावात नवी लाँड्री काढतायत. समोरचीने तिथलं सगळं सांभाळायचं, असं त्यांनी तिला आज सांगितलं. वर राहायला खोली. पगार वाढवून. गुरुवारी जाऊन जागा बघायची; पटली तर परत यायचंच नाही, तिथूनच कामाला लागायचं, सामान मागाहून.

मला सांगितलं ते दोन चादरींच्या मध्ये. "तू काय म्हणतेस?"

आणि मी! मी काय म्हटलं असेल? "जा की! मला कशाला विचारतेस? मी कोण लागून गेले तुझी?" वर चादर इतक्या जोरात ओढली की तिच्या हातातून कोपरे निसटले.

"कोणी नाहीस," म्हणाली. "म्हणूनच विचारलं."

चादरीची घडी बसते. माझी कधी बसायची!

२ डिसेंबर, मंगळवार

बोलणं नाही. गोष्ट नाही. नुसती ये-जा.

तीनशे पानं गप्प बसणाऱ्या नायिकांना मी आजवर किती शिव्या दिल्या! एक वाक्य बोल गं बये, तिथेच पुस्तक संपेल, झाडं वाचतील! त्या सगळ्यांची आज माफी मागते. ते वाक्य तोंडात मावतच नाही.

३ डिसेंबर, बुधवार

शेवटच्या गठ्ठ्याला तीच बोलली. "उद्या जाते. गोष्ट अर्धी ठेवू नकोस, पाप लागेल. शेवट सांग."

"मी वाचलाच नाही अजून."

"तू? आणि शेवट न वाचता?"

"बाण असला तर?"

तिला कळलं नाही. मी माझ्याकडचे कोपरे छातीशी धरून उभी. काकांनी मशीन लावलं होतं, खडखडाट चालू होता, आणि मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. डोक्यात रक्त चढलं की मला काही दिसत नाही – कॉलेजातून तशीच निघून आले, हेही तसंच.

"शेवट नाही, पण एक दुरुस्ती आहे. तो तलवारवाला नाहीच. तलवारवाली आहे. वेणी तिचीच. पहिल्या पानापासून ती आहे. आणि त्या जिन्यावर ती 'मी आले'च म्हणाली. मी घाबरून बदललं."

"कोणाला घाबरून?"

"तुला."

मशीन थांबलं. सगळीकडे एकदम शांत. समोरची चालत माझ्याकडे आली, कोपरे माझ्या हातात दिले. नेहमीपेक्षा हळू दिले, की मलाच तसं वाटलं?

"तरीच," म्हणाली.

मग एप्रन काढला, खुंटीला लावला, आणि गेली.

४ डिसेंबर, गुरुवार

तरीच!

तरीच म्हणजे काय? 'तरीच मला शंका होती'? 'तरीच तू अशी विचित्र वागतेस'? 'तरीच मी दुसऱ्या गावी चाललेय'? की तरीच म्हणजे – नाही, ते मी लिहिणार नाही. लिहिलं की खरं वाटायला लागतं.

वहिनीला सहज विचारलं, "तरीच म्हणजे चांगलं की वाईट?"

"कोण म्हणालं त्यावर आहे," म्हणाली, आणि कधी नव्हे ती माझ्याकडे नीट बघत राहिली.

५ डिसेंबर, शुक्रवार

समोर काका. हॉस्पिटलच्या चादरी आणि समोर काका! ते येतात तेव्हा चप्पल फरपटते. कोपरे देताना दर वेळी म्हणतात, "घे बाई तुझं राज्य." गोष्टही हवी म्हणाले, "ती वेणीवाली."

"वेणीवाली?" मी विचारलं.

"मग काय! आम्हाला काय कळत नाही? तिला काल तू मशीनच्या वरताण आवाज काढून सांगितलंस ते अख्ख्या लाँड्रीने ऐकलं."

"परवा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार! कान तापले होते.

"परवा तर परवा. परत येते का ती शेवटी?"

"माहीत नाही, काका."

"मग वाच की गं बाई! आम्हाला का टांगून ठेवतेस!"

७ डिसेंबर, रविवार

शेवटचं प्रकरण उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. पहिल्या ओळीत समुद्रावर धुकं आहे, एवढंच वाचलं.

निरोप नाही. म्हणजे जागा पटली.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी अभ्रे रचत होते, दाराकडे पाठ. पावलं ऐकली. चप्पल फरपटत नव्हती. वळले नाही.

"मी आले."

तरी वळले नाही.

"ऐकलंस ना? आता याचं 'आलो' करू नकोस."