माणसांशिवाय वाळणारे कपडे

१२ मार्च, गुरुवार

प्रिय धाकट्या,

तू खुशाल असशील. गुडघा सोडला तर मीही बरी आहे. तुझं दार दोनदा वाजवलं, तू उघडलं नाहीस, म्हणून हे पत्र.

तेजीच्या दिवसांत इथे घरं घेतलेल्या तुझ्यामाझ्यासारख्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे: बिल्डरने चित्रात दाखवलेलं शहर आलंच नाही. शाळेच्या जागी गवत, बाजाराच्या जागी नुसती पाटी. आता जिन्यात भेटलेला शेजारी आधी समोरच्याच्या पिशवीत डोकावतो, मग हसतो. मीही तशीच झाले आहे.

म्हणून तर समोरच्या रिकाम्या इमारतीत नवव्या मजल्यावर कपडे वाळताना दिसले आणि मी पहारेकऱ्याला सोसायटीच्या भर सभेत धरलं. चोरून माणसं ठेवतोस, म्हटलं.

तो म्हणाला, "कपडे आहेत, माणसं नाहीत, ताई. माणसं असती तर कचरा नसता आला?"

"मग कपडे काय हवा खायला आलेत?"

लोक हसले. त्याला काढायचा ठराव तिथेच झाला. तू मागे बसून स्वतःच्या चपला बघत होतास.

आता टाळत होते ते लिहिते. सभेच्या दोन दिवस आधीच मी ते शर्ट नीट पाहिले होते. उलटे, खालची दोन बटणं दोरीभोवती लावून अडकवलेले, चिमटा एकही नाही. आई असेच वाळत घालायची. तिच्यानंतर असे कपडे वाळत घालणारा जगात एकच माणूस आहे.

गिऱ्हाइकांना इमारत भरलेली दिसावी म्हणून बिल्डरने तुला हे काम दिलं, हे कळायला फार डोकं लागत नाही. नोकरी गेल्याचं तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आणि ज्या आवाजाचा मला एवढा गर्व, तो मी तुला झाकायला एका निरपराध माणसावर वापरला.

सोमवारी तो आणि त्याची बायको जिन्याखालची खोली सोडणार आहेत. काल ती भांडी बांधत होती. मला पाहिलं आणि दार लावून घेतलं.

माझा खोटेपणा मी सभेत सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही, ते तुझं तू घ्यायचं. रविवारी अकरा वाजता सभेला ये, आणि माझं बोलून झालं की उभा राहा.

तुझी वाट पाहणारी, आणि तू येशील याची अजून खात्री नसलेली,
ताई