नमुन्याला वरचा माल

मु. पो. चांदवड, मळ्यातून

ती. अक्काबाईस,

धाकट्या गोरक्षचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (थोडक्यात कळव. गेल्या वेळी पाच पानं गुडघेच होते.) भाऊजींना मोतीबिंदूनंतर नीट दिसत असेल तर हे पत्र त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घे. फोनच करणार होतो, पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच "मी सांगितलं होतं" म्हणतेस आणि माझं पुढचं राहून जातं.

तर बातमी अशी, की आपल्या डुकरांच्या शेणात जंतू सापडला. (डुकराचंही आम्ही शेणच म्हणतो.) तुला वाटेल यात आनंद कसला, पण लय आनंद आहे, सगळं वाच. कांद्याची चाळ रिकामी करून मी तिच्यात डुकरं पाळली तेव्हापासून तुझी भावजय मालन माझ्यावर डूख धरून आहे हे तुला माहीत आहे. श्रावणात तीन-साडेतीन महिन्यांची पिल्लं खायची पण अंगाला लागायची नाहीत. एकाच डुकरिणीची पोरं, एक वासराएवढं तर दुसरं मांजराएवढं. पातळ हगवण, आणि बघता बघता तीन गेली. मालननं निकाल दिला, दसऱ्यापर्यंत पिल्लं वजनानं भरली नाहीत तर डुकरं विकायची आणि चाळ परत कांद्याला. मला रात्रीचं जेवण जाईना, खोटं कशाला सांगू.

नाशिकहून डॉक्टर तेजलबाई आल्या. (वयानं तुझ्या लेकीएवढ्या, निकिताएवढ्या, पण गमबूट घालून सरळ डुकरांच्या खणात शिरल्या.) म्हणाल्या, शेणाचा नमुना लॅबला पाठवा. आता अक्का, तीस वर्षं मी मार्केटला कांदा नेला. नमुना म्हणजे काय हे मला कुणी शिकवायचं? ट्रॉलीत वरचा थर एकसारखा, गोल, लालबुंद, बारीक कांदा खाली. तोच हिशोब इथं लावला. सगळ्यात गुबगुबीत डुक्कर निवडलं, त्याचं घट्ट, देखणं शेण नव्या डबीत भरलं, डबीची कड फडक्यानं पुसली. सरकारदरबारी वस्तू जायची तर घराण्याची अब्रू असते. रिपोर्ट आला, काही सापडलं नाही. मी तो लॅमिनेट करून शेडच्या दारावर टांगला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून वाचायला लावला. चौथ्या दिवशी चौथं पिल्लू गेलं.

बाई परत आल्या. शेण कोणाचं होतं, म्हणाल्या. मी अभिमानानं त्या डुकराकडे बोट केलं. त्या खाद्याच्या पोत्यावर मटकन बसल्या. मग मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं. लहान आतड्याचा शेवटचा भाग ठिबकच्या मेन पायपासारखा जाड, आतून सुरकुत्या. म्हणाल्या, संशय लॉसोनियाचा आहे. हा जंतू आतड्याच्या पेशीत शिरून बसतो, लॅबमधल्या साध्या बशीत वाढवायला गेलं तर वाढत नाही, म्हणून मशीनवर पीसीआर करून त्याची खूण शोधायची. आणि तो रोज शेणातून पडेलच असं नाही, म्हणून एक नाही, सहा-सात पिल्लांचं घ्यायचं, तेही रोडावलेल्या, पातळ हगणाऱ्या पिल्लांचं, औषध द्यायच्या आधी, बर्फात ठेवून. "काका," म्हणाल्या, "मला खालचा कांदा बघायचाय." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुसरा नमुना असा गेला, की बघवत नव्हता. निकालाचा फोन आला तेव्हा मी चिमाजीच्या सलूनमध्ये, अर्ध्या गालाला साबण. मी उठून ओरडलो, "पीसीआर पॉझिटिव्ह आला!" चिमाजीनं वस्तरा खाली ठेवला आणि तोंडाला रुमाल बांधला. बाकावरची गिऱ्हाइकं चपला हातात घेऊन पांगली. मी तशाच अर्ध्या दाढीनं पेढे घेऊन गावभर फिरलो, एकानं पेढा घेतला नाही. संध्याकाळी आरोग्य केंद्रातल्या आशा सेविका लताबाई दारात, लांबूनच विचारतात, घरात खोकला कुणाला आहे. डुकराला झालंय म्हटल्यावर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

बाईंनी मोजून औषध दिलं, खण रिकामे करून धुवून खडखडीत वाळवायला लावले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालननं स्वतः पिल्लं काट्यावर चढवली. एकेक आकडा भरलेला बघून ती परत परत काटाच तपासत गेली. शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या चाळीत." अक्का, बावीस वर्षांच्या संसारात ती माझ्यापुढं पहिल्यांदा हरली. मी शेडमागं जाऊन थोडा रडलो.

तुझा विजयी भाऊ,
गोरक्ष

ता. क. मालननं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, दुसरा नमुना तिनं गोळा केला हे मी लिहिलं नाही. खरं म्हणजे तिनं फक्त सात पिल्लांमागं फिरून शेण उचललं, डब्या भरल्या, नावं घातली आणि बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन एसटीनं नाशिकला गेली. कल्पना माझीच होती.

ता. क. २ : आता मूळ काम. रिपोर्ट दारावर टांगला होता त्या आठवड्यात तुझा अश्विन आला होता. त्याच्या मनमाडच्या नव्या शेडसाठी मी त्याला दोन पिल्लं दिली, वर दारावरचा रिपोर्ट वाचून दाखवला. ती त्याच आजारी खणातली होती. कळल्यापासून मला फोन उचलायचा धीर होत नाही. त्याला सांग, ती वेगळी बांध आणि शेण लॅबला पाठव. आणि अक्का, डबी तू भरू नकोस. तू माझीच बहीण, चांगलंच बघून भरशील.