विधवांचा पहिला वाटा

क्लीव्हलंड,
१८ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. येरास पोलोनाताईचे अनेक आशीर्वाद.

…तर परवा सकाळी मी शेगडीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले, ब्लाझचा कोट झटकून परत खुंटीला अडकवला. तीन वर्षं झाली त्याला जाऊन, तरी झटकते. मग पायरीवर ताट दिसलं. आपल्या स्लोव्हेन लोकांच्या भवनात डुक्कर कापलं की पहिला वाटा विधवांच्या दारी जातो, हे तुला सांगायला नको.

रक्ताची सॉसेजेस होती. कागद सोडवला तर त्यावर भवनाच्या वाचनालयाचा शिक्का. मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकाचं पान, आणि समासात ब्लाझची पेन्सिल.

त्या वाचनालयाची फरशी पुसता पुसता मी वाचायला शिकले. अडलेल्या शब्दाखाली टिंब द्यायची; गिरणीतून येताना ब्लाझ तिथे थांबून समासात अर्थ लिहून ठेवायचा. या पानावर त्यानं लिहिलंय, हे नाही कळलं तर मला विचार. त्यावरून चरबी ओघळली होती. त्याच्या हातचं दुसरं अक्षर माझ्या घरात नाही, येरा. सगळं त्या पुस्तकांत आहे.

सॉसेजेस शेजारच्या कुत्र्याला घातली. तो मिटक्या मारायला लागला, तेही बघवेना. आणि येत्या तीस तारखेला भवनाची पन्नाशी आहे. भाषण कशावर, तर आपल्या मातृभाषेवर. शिसारी येते.

मुलांना पापे. लोभ आहे, त्याला थंडी लागू देऊ नकोस.

तुझी
पोलोनाताई


ईली, मिनेसोटा,
२३ नोव्हेंबर १९५७

ती. पोलोनाताईस येराचा सा. न. वि. वि.

तुझं नाक लहानपणापासूनच तिखट. आईच्या आंबवलेल्या कोबीच्या पिंपाजवळूनसुद्धा रुमाल नाकाला लावून जायचीस. पण ताई, जरा दमानं घे. तुझ्या दारचा बर्फ भवनातलीच माणसं उपसतात, कोळसाही तेच टाकतात. त्यांच्याशी वाकडं घेतलंस तर हिवाळा कसा काढशील? इकडे माझ्याजवळ यायलाही तू तयार नाहीस.

एक सांगायचं राहत होतं. आमच्या इथल्या भवनात वाचनालयाच्या जागी आता बोलिंगचा खेळ चालतो. ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होते. तुझं पत्र वाचून तो हात दिवसभर नकोसा झाला.

यजमान नमस्कार सांगतात. आहे ती माया रागात आटवू नकोस.

तुझी धाकटी
येरा


क्लीव्हलंड,
२ डिसेंबर १९५७

चि. सौ. येरास अनेक आशीर्वाद.

हाताचं कळवलंस ते बरं केलंस. रागावले, पण जेवले.

शुक्रवारी ते पान घेऊन भवनात गेले. गास्पर म्लेकुझ, आपला नवा अध्यक्ष, शिडीवर चढून पताका लावत होता. पोरगा वाईट नाही. म्हणाला, मावशी, ती पुस्तकं आता वाचतं कोण, मला स्वतःला एक ओळ येत नाही. रद्दी समजून स्वयंपाकघरात दिली. वाटा मात्र सगळ्यांत आधी तुम्हालाच पाठवला, असंही म्हणाला. पुढच्या वेळी मेणकागद घालू म्हणे. मांसाला धुरी देतात त्या खोलीमागे पुस्तकांची तीन खोकी उरली होती, वरच्याची अर्धी पानं फाडलेली.

मग तो खाली उतरला, आणि त्याला एक अडचण आठवली. भाषण लिहून आलं होतं, पण ते स्लोव्हेनमधून धड वाचेल असं समितीत कुणी नव्हतं. मावशी, तुम्हीच वाचा, असं त्यानं अगदी आर्जवानं सांगितलं. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. हो म्हटलं.

बर्फाचं बघून घेईन. फावडं आहे. तुझा लोभ मात्र लागेल, तो ठेव.

शनिवारी पन्नाशीच्या समारंभात मी व्यासपीठावर चढले, त्यांचं भाषण घडी करून खिशात ठेवलं आणि ते चरबी लागलेलं पान समासासकट वाचलं. लोकांनी भाषण समजून टाळ्या वाजवल्या. मग मी हातगाडी आणली आणि तिन्ही खोकी घरी नेली.

तुझी
पोलोनाताई