दोन मिनिटं अकरा सेकंद

ब्रिस्टल,
२ मार्च २०२५

ती. बाबांस,
सम्यकचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई स्वतःच्या मनाने सांगते, म्हणून परत पत्रच लिहितोय. ताईने वाचलं तर वाचू दे, पण लाल पेन घेऊन बसू नये म्हणावं. मी नववीत सोडलेली शाळा आता पत्रातून पुरी करायची नाहीये.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. राजश्रीच्या नाइट शिफ्ट संपल्या, आता महिनाभर दिवसाच्या. मागच्या रविवारी बसने लंडनला जाऊन आलो, बाबासाहेब राहायचे ते घर पाहिलं. त्या जिन्यावर पाय ठेवताना मला उगाच वाटलं की शर्टाला इस्त्री करून यायला पाहिजे होतं.

आता रागावू नका, पण मी नोकरी परत बदलली. वेअरहाउसमध्ये हातातलं मशीन दिवसभर बीप बीप करायचं, आपण थांबलो की तेच आपल्याला हाक मारायचं. चिप शॉपमध्ये अंगाचा तेलकट वास जाईना. राजश्री म्हणते की तिच्या वॉर्डातले पेशंटसुद्धा माझ्यापेक्षा जास्त दिवस एका जागी टिकतात. तिच्या व्हिसावर आलोय, ऐकून घेतो.

पण हे काम ऐकून तुम्ही हसाल. मी कुस्तीची रिंग लावतो. मातीची नाही, टीव्हीवरची असते तसली, दोरखंडाची. इथल्या क्रीडा संकुलात, टाउन हॉलमध्ये शनिवारी शो असतो. सकाळी व्हॅनमधून लोखंडी बीम उतरवायचे, वर लाकडी फळ्या, वर फोम, वर कॅनव्हास ताणून बांधायचा. मालक कॉलिन नावाचा साठीचा माणूस आहे. पूर्वी स्वतः लढायचा. मान वळवता येत नाही, मागे बघायचं तर सगळाच वळतो.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. कॅनव्हास बांधला आणि वर चढायच्या आधी माझा हात आपोआप खाली गेला. तुम्ही गोठ्यात जोर मारायच्या आधी करायचात तसंच. उजव्या हाताने जमीन, मग कपाळ, मग दोन्ही कान. मला कळलंसुद्धा नाही मी काय केलं ते. कॉलिनच्या हातात चहाचा मग होता, तो तसाच राहिला. मला विचारलं की हे कानाचं कुणी शिकवलं. मी म्हणालो वडिलांनी. मग विचारलं की तुझे वडील कधी या देशात आले होते का, अठ्ठ्याण्णव साली, ‘रिंग किंग्ज’ नावाच्या शोमध्ये, मोरपिसाची टोपी घालून.

बाबा, मी म्हणालो मला माहीत नाही. खोटं बोललो. मला वाटलं हा आता हसणार. गावात सगळे हसतात तसा.

ताई फोनवर सांगत होती की केबलवाले कमलाकरकाका गावच्या तालमीत संगमरवरी फळा बसवतायत, ‘पाठ न लागलेले पैलवान’, चौदा नावं. तुमचं नाही. जत्रेला उद्‌घाटन आहे म्हणे. तुम्ही एकवीस वर्षं लढलात आणि गावच्या मातीत तुमची पाठ एकदाही लागली नाही, हे कमलाकरकाकांना माहीत नाही काय? पण त्यांना फक्त टीव्हीतली ती एकच कुस्ती आठवते.

कॉलिनला काय सांगू ते कळवा. आईला सांगा मी जेवतो.

तुमचा हात डोक्यावर आहे तसाच राहू द्या.
सम्यक


खडेवाडी, ता. तासगाव
१५ मार्च

चि. सम्यक यास,
बाबाचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र पोचलं. तब्येत ठीक. आई ठीक. म्हैस व्याली, पाडी झाली.

त्या माणसाला काही सांगू नकोस. विचारलं तर वडील साखर कारखान्यावर वॉचमन होते म्हण. ते खरंच आहे.

फळ्याचं मनावर घेऊ नको. कमलाकरच्या केबलवर साऱ्या वस्तीनं समाजमंदिरात बसून बघितलं. आपल्या वस्तीतला पहिला पैलवान परदेशात लढतोय म्हणून म्हाताऱ्या बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. त्यांच्या समोर माझी पाठ लागली. त्यांचं काय चुकलं? मी परत आलो तेव्हा कुणी काही बोललं नाही. तेच जड गेलं. त्यानंतर तालमीची पायरी चढलो नाही, आता सत्तावीस वर्षं झाली. झालं ते झालं.

तू त्यापायी कमलाकरच्या पुतण्याचं नाक फोडून शाळा सोडलीस, त्याचं मात्र मला अजून लागतं.

तिकडं काम मन लावून कर. परत बदलू नको. राजश्रीला त्रास देऊ नको.

खुशाली कळवत जा.
सुखदेव


ब्रिस्टल,
३० मार्च

ती. बाबांस,
सम्यकचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. आता पूर्ण वाचा आणि मग रागवा.

शाळेत तो पुतण्या मला ‘नुऱ्याचं पोरगं’ म्हणायचा. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती, पैसे घेऊन पाठ टेकणारा. मी त्याचं नाक फोडलं, पण तुम्हाला येऊन कधी विचारलं नाही की बाबा खरं काय. कारण मलापण तसंच वाटायचं. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोललो नसतो. पत्रात बरं पडतं.

झालं असं की गेल्या शनिवारी शो संपल्यावर आम्ही फळ्या उतरवत होतो. कॉलिनने परत विचारलं. तो म्हणाला की तो त्या माणसाला इतकी वर्षं शोधतोय, पण पोस्टरवर फक्त ‘द महाराजा’ लिहिलेलं आणि शोच्या मालकाने पत्ता दिला नाही. मला राहवलं नाही. मी फोनमधला तुमचा फोटो दाखवला, ताईच्या लग्नातला, फेट्यातला. तो फोटो हातात घेऊन व्हॅनच्या पायरीवर खालीच बसला. 

मग सगळं सांगितलं. तो जांभळ्या चड्डीतला सोनेरी केसांचा माणूस, ज्याने तुम्हाला पाडलं, तो हाच. आणि त्या दिवशी जिंकायचं तुम्ही होतं. तसं ठरलेलं होतं. शेवटी तुम्ही त्याला डोक्यावर उचलून आपटायचं आणि पट्टा तुमच्या कमरेला. त्याआधी तो दोरीवरून उडी मारणार होता. उडी चुकली, तो मानेवर पडला. तुम्ही त्याला उचलायला धरलं तेव्हा त्याला त्याचे हात जाणवत नव्हते, पायही जाणवत नव्हते. बोलायलाही येत नव्हतं. तुम्हाला हाताला कळलं. अंग सैल पडलंय हे पैलवानाच्या हाताला जसं कळतं तसं. तो म्हणाला की तुम्ही त्याला अलगद छातीवर घेतलं, स्वतः खाली आडवे झालात आणि पाठ टेकवून पडून राहिलात. पंचाने तीन मोजले.

डॉक्टर त्याला नंतर म्हणाले की त्यानंतर एक जरी आपट बसली असती तरी तो कधी चालला नसता. आणि शोच्या मालकाने कुस्ती बिघडवली म्हणून पुढच्याच आठवड्यात तुम्हाला विमानात बसवलं. करार संपला असं तुम्ही घरी सांगितलंत ना?

त्याच्याकडे हॉलच्या कॅमेऱ्याची पूर्ण टेप आहे. टीव्हीवर घंटा झाली आणि लगेच जाहिराती लागल्या, कमलाकरकाकांच्या केबलवर लोकांनी तेवढंच बघितलं आणि घरी गेले. टेप पुढे चालू राहते. लोक ओरडतायत, कागदी पेले फेकतायत, एक पेला तुमच्या कपाळावर बसतो. तुम्ही हलत नाही. तुमचा डावा हात कॉलिनच्या मानेखाली आहे, बोटं पसरून, डोकं धरलंय. डॉक्टर येऊन मानेला पट्टा बांधेपर्यंत तो हात तसाच. मी फोनवर घड्याळ लावून मोजलं. दोन मिनिटं अकरा सेकंद.

सुरुवातीला तुम्ही तो सोनेरी झगा घालून येता. झगा बघून मी टेप थांबवली. आईने मला गोधडी दिलीय ना, मधल्या सोनेरी ठिगळाची, त्याच कापडाच्या, ती मी इथे रोज पांघरतो. राजश्रीला उठवून दाखवलं. ती नर्स आहे, तिने हात कसा धरलाय ते तीनदा बघितलं. म्हणाली की त्यांना हे वर्षभर शिकवतात आणि तुझ्या वडिलांनी न शिकता केलं. मग माझ्याआधी तीच रडली.

एवढी वर्षं तुम्ही गप्प का बसलात, बाबा? कॉलिनला विचारलं तर तो म्हणाला की त्या धंद्यात शब्द घ्यायचे, कुस्ती ठरवलेली असते हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. तो शो बंद होऊन पंचवीस वर्षं झाली. आता सगळे उघड बोलतात, तो शब्द आता कुणालाच नकोय, असं त्याने तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितलंय.

टेप पेनड्राइव्हवर घेऊन ताईच्या नावाने पाठवली आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ती कुणाला दाखवणार नाही, तिने शपथ घेतलीय. पण तुम्ही एकदा बघा. मला वाटतं तुमचं नाव त्या फळ्यावर पहिलं पाहिजे.

तुमचाच, आणि आता हे सगळ्यांना सांगत सुटलेला,
सम्यक


खडेवाडी,
२२ एप्रिल

चि. सम्यक यास,
ताईचा सप्रेम जयभीम आणि कान पिळून आशीर्वाद.

तुझ्या पत्रात बारा चुका होत्या. लाल पेन काढलं नाही, कारण शेवटच्या पानावर पोचेपर्यंत मलाच दिसेनासं झालं होतं. चौथीच्या पोरांनी विचारलं की बाईंना काय झालं, तर मी सर्दी सांगितली.

आता क्रमाने सांगते. बाबांनी तुझं पत्र वाचून घडी केली, खिशात ठेवलं आणि दोन दिवस बाहेर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले की दाखव. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. त्यांनी खुर्ची घेतली नाही, उभ्यानेच बघितलं. आई झगा आला तेव्हा म्हणाली की तेव्हा कसे दिसत होतात, आणि बाबा लाजले. खरंच लाजले, मी पहिल्यांदा बघितलं. पण तो पेला कपाळावर बसला तेव्हा आई उठून आत गेली आणि परत येईपर्यंत बराच वेळ लागला.

मीही तुझ्यासारखंच विचारलं की गप्प का राहिलात. बाबा म्हणाले की शब्द दिला होता हे एक. दुसरं असं की काय सांगणार होतो? मी हरलो नाही, मी जिंकायचं ठरलं होतं, असं? म्हणजे लोक म्हणाले असते, मग आधीच्या जिंकलेल्याही ठरलेल्याच असतील. आणि पडलेल्या माणसाची मान धरली हे काय चारचौघांत सांगत फिरायचं असतं का. याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

मग ते म्हणाले की कमलाकरला बोलव. मी बोलावलं. आला तो हसतच, चहा पिता पिता म्हणे पैलवानाच्या घरी पिक्चर कसला लावताय. घंटेपर्यंत पाय हलवत बघत होता. घंटा झाली तसा उठायला लागला, जसं तेव्हा सगळं गाव उठलं होतं. बाबांनी फक्त हाताने बस म्हणून खूण केली. पुढची दोन मिनिटं त्याचा पाय हलला नाही. संपल्यावर त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघून म्हणाला की सुखदेव, जाहिराती लागल्या आणि टीव्हीचा डबा मीच बंद केला होता. बाबा म्हणाले, माहीत आहे.

त्याने तिथल्या तिथे सांगितलं की उद्या कोरणारा येईल, पंधरावं नाव. आणि आता ऐक, सम्या, तुला राग येणार आहे. बाबा नको म्हणाले. पाठ लागली ती लागली, म्हणाले, फळ्यावर ‘न लागलेले’ लिहिलंय, तिथं खोटं कोरायचं नाही. कमलाकर अडखळला, म्हणाला मग आम्ही काय करावं. बाबांनी सांगितलं की तालमीतला हौद उकरा. माती दगडासारखी झालीय, पोरं मानेवर पडतायत, मी रस्त्यावरून जाताना आवाज ऐकतो. कुस्तीत कान फुटलेल्या आपल्या बाबांना हा एवढाच आवाज ऐकू येतो बघ!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबा तालमीत गेले. सत्तावीस वर्षांनी. मी शाळेच्या नावाखाली मागून गेले. आपल्या वस्तीतली आठ पोरं होती, गावातली दहाबारा. कमलाकर धोतर खोचून खोरं घेऊन हौदात उभा होता, घामाघूम, आणि पोरांना सांगत होता की वस्ताद येतायत, सरका. वस्ताद म्हणाला! बाबा पायरीशी वाकले. जमीन, कपाळ, दोन्ही कान. मग मातीत दही, तेल, हळद घालून पायाने मळली आणि पहिल्या दिवशी एकही डाव शिकवला नाही. समोरचा चुकून पडत असेल तर त्याची मान कशी धरायची, तेवढंच तासभर.

जत्रेत फळ्याचं उद्‌घाटन झालं, चौदाच नावांचं. पण फळा बघायला कमी आणि हौदाभोवती जास्त गर्दी होती. वस्तीतल्या म्हाताऱ्यांपैकी ज्या दोघी राहिल्यात, त्या नवी लुगडी नेसून आल्या होत्या.

बाबांची चिठ्ठी सोबत आहे. मला वाचू दिली नाही, तरी वाचली.

राजश्रीला माझी माया, आणि तुला उरलेली.
धम्मशीला


चि. सम्यक यास,
जयभीम व आशीर्वाद.

बघितलं. मला एवढा वेळ आठवत नव्हता. मला वाटत होतं लगेच डॉक्टर आले. पेला आठवत होता.

तुलापण तसंच वाटायचं हे लिहिलंस ते बरं केलंस. मला माहीत होतं. तरी नाक फोडलंस, म्हणजे बापावर विश्वास नसताना बापासाठी लढलास. अशी कुस्ती मी कधी केली नाही.

तू सतत कामं बदलायचास तेव्हा मला वाटायचं याचा पाय कुठं टिकणार. आता कुणी विचारलं तर सांगतो, माझा मुलगा इंग्लंडात आखाडा बांधतो. फळ्या नीट बसव. दोन फळ्यांत फट ठेवू नको. आपण घरी जातो, नंतर त्यावर माणूस पडतो, हे लक्षात ठेव.

त्या माणसाचं नाव मला तेव्हा उच्चारता येत नव्हतं. कॉलिन, असं आता घोकून ठेवलंय. त्याला विचार थंडीत मान दुखते का. दुखत असेल तर तिळाचं तेल कोमट करून वरून खाली, खालून वर नाही. तू लावून दे, तुझा हात माझ्यासारखा आहे.

आणि त्याला सांग, माझी पाठ बरी आहे.

सुखदेव