क्वीनी प्रदर्शनाला गेली

बर्नी,
५ सप्टेंबर १९८४

ती. एल्वाताई हिस,
धाकट्या मर्लचा सा. न. वि. वि.

पर्ल, नॅन आणि डॉट सफरचंदांच्या तीन पेट्यांत बसून आज सकाळी तुझ्याकडे निघाल्या. तुझा शेजारी क्लॅरी बंदरावर माल उतरवायला आलाच होता, त्याच्या ट्रकमध्ये चढवल्या. डॉट सगळ्यात लहान, तिच्या पेटीला भोकं जास्त पाडलीत. ट्रक वळणाआड जाईपर्यंत मी वेड्यासारखी हात हलवत होते.

फोन करते म्हणालीस, तर नको. फोनवर माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तुझी तीन होतात. पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही, म्हणून ठरवायचं ते पत्रानंच.

पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे मागाहून वाद नको. घरमालकानं हे घर विकलंय, ऑक्टोबरअखेर किल्ल्या द्यायच्या. माझ्या रॉसला ऑक्टोबरच्या सत्तावीस तारखेपर्यंत पत्र टाकायचंय. त्या पोराच्या ब्रिस्बेनच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली आहे, लिफ्ट आहे, गॅलरीतून नदी दिसते. फक्त कोंबड्यांना मज्जाव. तुझ्याकडे कोंबड्यांना जागा आहे. मला आहे का, ते अजून कळायचंय. जॅक वारला आणि मी एकटी पडले, त्या वर्षी तुझ्याकडे तीन आठवडे राहायला आले आणि नवव्या दिवशी बस पकडून परतले. तू विसरली असशील, मी नाही. म्हणून आधी त्या तिघी. तुझ्या खुराड्यात त्यांचं जमलं, तर मागून मी.

त्यांना एकदम आत सोडू नकोस. मधे जाळी लाव, पंधरा दिवस एकमेकींना नुसतं बघू दे.

लोभ असू दे, आणि तो तिघींना आधी दे.
तुझी,
मर्ल

सिग्नेट,
८ सप्टेंबर १९८४

चि. मर्ल हिस,
एल्वाताईचे अनेक आशीर्वाद.

पोचल्या! तिघीही पोचल्या! क्लॅरीनं पेट्या उघडल्या तेव्हा मी एप्रनचं टोक तोंडात धरून उभी होते. नॅननं तर उतरताच अंगणात अंडं घातलं. असा पाहुणा रोज यावा!

मागच्या खोलीला चुना दिलाय, पिवळे पडदे लावलेत. तुझे कप कुठल्या कपाटात ठेवायचे तेही मी ठरवून टाकलंय. बागेत वसंत आलाय, सफरचंदाला कळ्या धरल्यात. तू येशील तेव्हा सगळं पांढरं झालेलं असेल.

जाळीची गरज पडली नाही. पंचेचाळीस वर्षं वॉर्ड चालवलाय मी, नव्या पेशंटला कसं सामावून घ्यायचं ते मला कोणी शिकवायला नको. माझ्या क्वीनीनं सुरुवातीला जरा कुरबूर केली. ती यंदा हॉबार्टच्या प्रदर्शनात कोंबड्यांच्या स्पर्धेत उतरणार आहे, तेव्हा तोरा असायचाच. ऑस्ट्रलॉर्प जातीची काळी कोंबडी, ऊन पडलं की पिसं हिरवी चमकतात. मी दारात उभी राहून सगळ्यांना दम दिला. आता शांतता आहे. डॉटला तेवढी विश्रांतीसाठी धुण्याच्या खोलीत ठेवलीय.

तू काळजी करू नकोस आणि थंडीत डोक्याला बांधत जा.
तुझी,
एल्वाताई

बर्नी,
१३ सप्टेंबर १९८४

ती. एल्वाताई हिस,
सा. न. (आज एवढाच.)

काल क्लॅरीचा फोन आला होता. भल्या माणसाला वाटलं, मला सगळं ठाऊक असेल. डॉटची पाठ उघडी पडलीय, शेपटीपाशी रक्त आलंय, आणि क्वीनी तिला दाण्यापाशी फिरकू देत नव्हती म्हणून तू तिला उचलून आत कोंडलंस, असं तो म्हणाला. ही तुझी विश्रांती!

रागावलेय मी. जाळी लावली नाहीस, त्याचा राग नाही. तू ऐकणार नाहीस हे मला पेट्या बांधतानाच माहीत होतं. पण टोचून घेणारी कोंडलेली आणि टोचणारीला अंगण मोकळं, हा कुठला न्याय? तू माझ्या वेण्या ओढायचीस तेव्हा आई असंच करायची. मला त्रास नको म्हणून मलाच आतल्या खोलीत बसवायची, आणि खिडकीतून मला तुझा दोरीवरच्या उड्यांचा खेळ दिसायचा. तिचं प्रेमच होतं, पण मी कधी त्या खेळात आले नाही ना.

आत ठेवलेली कोंबडी बाहेर आली की पुन्हा नवी ठरते आणि पुन्हा मार खाते. कोंडायचं असेल तर टोचणारीला कोंड. चार दिवस क्वीनी नजरेआड गेली, की तिची जागा दुसऱ्या घेतात. मग परत येते ती नवी म्हणून, मान खाली घालून.

रॉसनं फ्लॅटचा फोटो पाठवलाय. नदी छान आहे.

तुझीच, पण फुगलेली,
मर्ल

सिग्नेट,
१७ सप्टेंबर १९८४

चि. मर्ल हिस,
अनेक आशीर्वाद आणि एक माफी.

खोटं लिहिलं मी. शांतता वगैरे काही नव्हती. डॉटच्या पाठीवर रक्त बघितलं आणि जन्मभर दुसऱ्यांचं रक्त पुसलेली ही बाई मागच्या पायरीवर मटकन बसली. खरं लिहिलं तर तू येणार नाहीस, ही भीती वाटली.

नवव्या दिवसाची ती बस मी विसरलेले नाही. मी फाटकापर्यंत आले होते. तुला कप खालच्या फळीवर ठेव म्हटलं, डावीकडे बस म्हटलं, रडणं पुरे म्हटलं. मला वाटत होतं मी तुझी काळजी घेतेय.

शनिवारी क्लॅरीनं जाळी ठोकून दिली. डॉट आता पर्ल-नॅनबरोबर जाळीपलीकडे आहे, जखमेला औषध लावतेय. पाण्याची दोन भांडी, दाण्याच्या दोन पराती, सगळं तू म्हणशील तसं.

एक मात्र नाही जमणार. क्वीनीला कोंडणार नाही. कोंडली की ती खाणंपिणं सोडते, पिसांची चमक जाते, आणि महिन्याभरात प्रदर्शन आहे. तुला हसू येईल, पण निवृत्तीनंतर लोक माझ्याकडे वळून बघतात ते वर्षातून तेवढेच चार दिवस.

राग गेला की कळव. गेला नसला तरी कळव.
तुझी,
एल्वाताई

सिग्नेट,
७ ऑक्टोबर १९८४

चि. मर्ल हिस,
अ. उ. आ.

आज जाळी काढली! मी एक अख्खा कोबी दोरीनं टांगला, कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा जरा वर. आठही जणी त्याच्यावर उड्या मारत होत्या. कोबी झुलायचा, यांची चोच हुकायची, आणि भांडायला कोणाला फुरसतच नाही! मी इतकी हसले की क्लॅरी कुंपणावरून बघायला आला. पर्ल आणि नॅन माझ्या चौघींत मिसळून गेल्या गं!

पण कोबी संपला आणि क्वीनी डॉटच्या मागे लागली. डॉट फांद्यांच्या ढिगात शिरून बसलीय. बाकीच्यांचं मिटलं, हिचंच राहिलंय.

आता ऐक. बावीस तारखेला मी क्वीनीला घेऊन हॉबार्टला निघते, पूर्ण आठवडा लागेल. म्हणजे न कोंडता ती बाहेर गेलीच की! सातजणींकडे बघायला कोणी हवं. क्लॅरी तयार आहे, पण मी अजून त्याला हो म्हटलेलं नाही. तुला कळलंच असेल.

वाट बघतेय, हे सरळच लिहिते.
तुझी,
एल्वाताई

बर्नी,
११ ऑक्टोबर १९८४

ती. एल्वाताई हिस,
सा. न. वि. वि.

येते. पण तू निघाल्यानंतर. तू फाटकात उभी राहून सूचना देणार नाहीस, आणि स्वयंपाकघरात चिठ्ठ्या चिकटवून जाणार नाहीस. एक जरी चिठ्ठी दिसली, तर त्याच बसनं परत!

क्वीनीचे पाय जुन्या दातब्रशनं घास आणि तुऱ्याला तेलाचं बोट लाव. ती कशीही वागो, दिसते तर राणीसारखी. जिंकायलाच हवी.

तुझी,
मर्ल

सिग्नेट,
२४ ऑक्टोबर १९८४

ती. एल्वाताई हिस,
तुझ्याच टेबलावरून मर्लचा सा. न. वि. वि.

चिठ्ठी एकही नव्हती! सगळी कपाटं उघडून पाहिली. पिठाच्या डब्याच्या झाकणाखालीसुद्धा नव्हती. तुला किती जड गेलं असेल, या विचारानं मला भरून आलं.

पहिल्या दिवशी डॉट ढिगातून निघेना. दुसऱ्या दिवशी मान बाहेर काढली, दोन पावलं टाकली, कोणी टोचलं नाही. आज दुपारी ती परातीतल्या दाण्यांत मधोमध उभी होती, आणि मघाशी उन्हं कलल्यावर खुराड्यातल्या दांडीवर क्वीनीच्या जागी जाऊन बसली. मी टाळ्या वाजवल्या. पाठीवर कोवळी पिसं फुटतायत.

क्वीनीला आणलीस की दोन दिवस जाळीपलीकडे ठेवायची, मगच आत. तिला आता या घरात परवानगीनंच शिरावं लागेल. राग मानू नकोस.

आणि मीही एक केलंय. कप वरच्या फळीवर ठेवलेत. खुर्ची उजवीकडे, खिडकीशी ओढलीय. तिथून फुललेली बाग दिसते. काल तिथे बसून जॅकसाठी मनसोक्त रडले, कोणी पुरे म्हणालं नाही.

रॉसचं पत्र लिहून झालंय. पाकीट बंद केलेलं नाही. शुक्रवारी दुपारी टपाल निघतं. हे पत्र मात्र क्लॅरी उद्याच हॉबार्टला तुझ्याकडे आणतोय.

लोभ किती, ते आता तू सांग.
तुझी,
मर्ल

हॉबार्ट,
२६ ऑक्टोबर १९८४, सकाळ

ती. मर्लताई हिस,
एल्वाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

क्लॅरी आत्ता परत निघतोय, त्याच्या हाती हे देतेय, म्हणजे टपालाआधी पोचेल. तो घाई करतोय, करू दे.

क्वीनी पहिली आली! गळ्यात निळी फीत आहे. परीक्षकांनी तिला उचलून फिरवून बघितलं, मी शेजारी ताठ उभी होते, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला एकच सुचलं, की हे मर्लला सांगायचंय. फीत घेऊन रिकाम्या घरात जाण्यात काय आहे गं? इतकी वर्षं मी ती भिंतीवर टांगून एकटीच चहा प्यायलेय.

प्रदर्शन उद्या संपतं. पण आम्ही दोघी रविवारी येत नाही, मंगळवारी येतो. आणखी दोन दिवस नजरेआड राहिलेलं बरं. क्वीनीचं म्हणत नाही, माझं म्हणतेय.

रॉसला काय लिहायचं ते तुझं तू ठरव. मला मात्र तू हवी आहेस, त्या घरात, उजवीकडच्या खुर्चीत. हे मी बारा वर्षांपूर्वी फाटकाशी म्हणायला हवं होतं.

मंगळवारी दार वाजवीन. कप कुठे ठेवायचे, मी कुठे बसायचं, ते सांगशील. सुरुवातीला चार दिवस टोचलंस तरी चालेल. फक्त मला धुण्याच्या खोलीत ठेवू नकोस.

तुझी धाकटी,
एल्वा