माशी कुठे शिंकली

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे कबूल नाहीत, तेव्हा उभ्यानेच नमस्कार. मी मजेत आहे. खोकला गेला, गॅलरीतली रोपं जगली, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदाची खुर्च्या ओढायची सवय सोडली. तुमचं काय? दाढ काढलीत, की अजून डॉक्टरलाच दमात घेताय?

तुमचं रागाचं पत्र मिळालं. "उन्हाळाभर एक ओळ नाही, आहेस की गेलीस" हे वाचून फार बरं वाटलं. आहे. दर रविवारी सकाळी कुठे उलथतेस, असं विचारलंत, तर आधी बसून घ्या. मी पिस्तूल चालवायला जाते.

हसून झालं? खरंच सांगते. हवेचं पिस्तूल असतं, त्यातून शिशाचा बारीकसा छर्रा उडतो. समोर लांबवर एक कागदी टार्गेट टांगलेलं असतं, मध्ये काळी चकती. बरोबर मधोमध लागला तर दहा, बाहेर सरकेल तसे गुण कमी. एवढंच. पण ह्या एवढ्याशाने माझी झोप, जेवण आणि अक्कल तिन्ही पळवली आहे.

सुरुवात आमच्या चष्म्याच्या दुकानातच झाली. उन्हाळ्याच्या तोंडाला एक गिऱ्हाईक आलं. लिफ्ट दुरुस्त करणारे, खिशातून पाना डोकावत होता. म्हणाले, "मला असा चष्मा द्या, ज्यातून लांबचं धूसर दिसेल." मी म्हटलं, "अहो, लोकांचं धूसर घालवायचा मी पगार घेते. धूसर मागायला आलेले तुम्हीच पहिले." तर त्यांनी भर दुकानात हात लांब केला, आरशावर बोट रोखलं आणि नाकातल्या नाकात गुणगुणायला लागले. फ्रेम बघणाऱ्या बाई चटकन खुर्चीमागे! मग खुलासा झाला. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक छोटी उभी खूण असते, तिला माशी म्हणतात. नेम धरताना ती माशी लख्ख दिसायला हवी, टार्गेट धूसरच राहू द्यायचं. वय झालं की नेमकी माशीच दिसेनाशी होते. वाचायचा चष्मा फार जवळचा, रस्त्याचा फार लांबचा, आणि ह्यांना हवा हाताच्या टोकापुरता. मी मनातल्या मनात त्यांचं नाव धूसरपंत ठेवून टाकलं.

आता नंबर काढायचा तर डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजायला हवं. म्हणून टेप आणि लेन्सांची पेटी काखोटीला मारून मी त्यांच्या क्लबात गेले. तिथे शिकवायला एक मास्तर आहेत, आवाज शिट्टीसारखा. ते म्हणाले, "बाई, नुसती मापं काय घेता, धरा!" पहिला छर्रा लाकडी चौकटीत. दुसरा कुठे गेला ते आजतागायत सापडलेलं नाही. तिसरा काळ्यात लागला, आणि वन्सं, मी टुणकन उडी मारली. मास्तर कडाडले, "पिस्तूल हातात असताना उडी मारायची नाही!" त्यांचं बरोबरच होतं. मी पिस्तूल खाली ठेवलं आणि मग पुन्हा एकदा मारली.

तेव्हापासून घरात नुसती खरेदी चालू आहे. सपाट तळाचे बूट घेतलेत, त्यात मी बदकासारखी चालते. डावा डोळा मिटायचा नसतो, मिटला की उजवाही दमतो, म्हणून त्याच्यापुढे पांढरी पट्टी लावायची. ती मी दुकानातल्या चष्म्याच्या खोक्याचीच कापून केली. जुनं पिस्तूल घेतलं एक. त्याची लाकडी मूठ आधीच्या मालकाच्या पंजाची, माझी बोटं त्यात हरवायची. क्लबातल्या एकाने ती लाकडात भरायचं लुकण भरून आणि कानशीने घासून माझ्या हाताची करून दिली. आता धरलं की सोडवत नाही. भाजी चिरतानासुद्धा मनगट ताठ ठेवते.

आणि परवा माझी पहिली स्पर्धा झाली! त्याचंच सांगायला खरं तर पत्र लिहायला घेतलं. आधी पिस्तुलाची तपासणी. चाप फार हलका नसावा म्हणून त्याला वजन अडकवून पिस्तूल उचलतात. चाप निसटला की तुम्ही बाद. माझा चाप टिकला. मास्तर म्हणाले, "वेळ सुरू," आणि मी सुरू केलं. चांगलं चाललं होतं हो. हात उचलायचा, श्वास सोडायचा, माशी बघायची, चाप हळूच. मध्येच एक छर्रा असा सुटला की सुटतानाच कळलं, हा दहा. बटण दाबलं, टार्गेट तारेवरून सरकत आलं. बघते तर कोरं करकरीत!

म्हटलं, माशी शिंकली कुठे? माशी जागेवरच होती. शेजारच्या लेनवर एक गृहस्थ होते. त्यांचं गुणगुणणं थांबलं. त्यांच्या टार्गेटवर दोन भोकं: एक दहात, एक सातात. वन्सं, मी शेजारच्याच्या टार्गेटवर मारलं होतं! टार्गेट धूसर बघायचं ना, धूसर चकत्या सगळ्या सारख्याच.

मास्तरांनी नियम सांगितला. चुकीच्या टार्गेटवर मारणाऱ्याला शून्य. आणि कुठलं भोक कुणाचं ते कळत नसेल, तर जास्त गुणांचं भोक टार्गेटच्या मालकाचं. दहा मिळाले असते तर ते गृहस्थ तिसरे येत होते, पदक गळ्यात. गप्प राहायचं, बस. तर म्हणाले, "सातचा माझा. दहाचा यांचा." मास्तर म्हणाले, "कशावरून?" "माझा सुटताना हात खाली गेला होता. मारलेला मला कळतो." त्यामुळे ते चौथे आले आणि मी तळातून दुसरी. तो दहा कुणाच्याच नावावर नाही लागला. ते टार्गेट मात्र मी घरी आणलंय.

बाकी विशेष काही नाही. दाढ काढून टाका.

तुमची
वहिनी


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

दाढ काढली. पत्र वाचताना हसू आलं आणि टाका तुटला, त्याचं पाप तुझ्या माथी.

चष्मा घ्यायला आलेला माणूस नाकात गुणगुणतो. शेजारच्या लेनवरचा गृहस्थही गुणगुणतो. मूठ घासून देणारा "क्लबातला एक" गुणगुणतो की नाही ते तू लिहिलेलं नाहीस. आणि दोन पानं भरून झाल्यावर "बाकी विशेष काही नाही" लिहितेस? मी तुला लग्नाच्या दिवसापासून ओळखते. तुझ्याकडे काही नसतं तेव्हा तू विशेष लिहितेस.

माशी कुठे शिंकली ते नीट सांग.

वन्सं


बुधवार, २२ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. हो, तिघंही एकच. धूसरपंत.

हे पत्र तीनदा फाडलं, म्हणून आता सरळ लिहिते, मध्ये थांबत नाही. ते चांगले आहेत. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले असतात, संध्याकाळी हात घासून घासून धुतात, तरी नखांत ग्रीस राहतंच. कमी बोलतात. मी बोलते तेव्हा मान हलवत नाहीत, ऐकतात. मूठ करताना त्यांनी मला ओलं लुकण धरून बसायला सांगितलं होतं. सुकेपर्यंत हात हलवायचा नाही. मी बसले, ते समोर बसले. उठायची वेळ झाली तरी दोघंही बसून होतो.

गेल्या रविवारी पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये हवा भरता भरता म्हणाले, "आपण लग्न करावं असं मला वाटतं. तुम्ही विचार करा, घाई नाही. पण वेळ सुरू झालेली आहे, हे मास्तरांसारखं सांगून ठेवतो." मी हसले, आणि मग हसता हसता तोंडातून गेलं, "मला आधी वन्संना विचारावं लागेल."

त्यांनी विचारलं, "वन्सं कोण?" म्हटलं, "ह्यांची बहीण." "म्हणजे तुमच्या नवऱ्याची. मग तुमच्या कोण?" साधंच विचारलं हो त्यांनी, कुजकं नाही. पण मी सिलिंडरचं झाकण उघडून पुन्हा लावत बसले.

वन्सं, हे गेले तेव्हा तुम्ही आलात ते अख्खा हिवाळा राहिलात. मी जेवत नव्हते तर माझ्याच ताटात बसून जेवायचात, म्हणजे मला लाज वाटून चार घास जातील. ह्यांचा कोट कुणाला द्यायचा यावरून आपण कडकडून भांडलो, आणि शेवटी तो तुम्हीच घातलात. आगगाडीत बसताना तुम्ही खिडकीतून म्हणालात, "आता आपण दोघीच." ते मी विसरलेले नाही. मला मूल नाही. माहेर केव्हाच उरलं नाही. माझं म्हणून जे काही माणूस आहे ते तुम्ही आहात, आणि तुम्ही माझ्या झालात त्या ह्यांच्यामुळे. आता मी दुसऱ्या कुणाची बायको झाले, तर तुम्हाला वन्सं म्हणायचा मला काय हक्क?

मी त्यांना हो म्हटलेलं नाही. म्हणावंसं वाटतं, हे खोटं कशाला बोलू. फार वाटतं. सकाळी उठल्या उठल्या वाटतं. पण तुम्ही दुरावलात तर मला ते झेपणार नाही, आणि हे त्यांनाही सांगितलंय. ते म्हणाले, "बरोबर आहे. वाट बघू."

दरवेळी खाली "तुमची वहिनी" असं डोळे मिटून लिहिते. आज डोळे उघडे आहेत. म्हणून ती जागा कोरीच सोडते. तुम्हाला जे वाटेल ते तुम्ही भरा. काहीच नाही भरलंत तरी मी समजेन.

तुमची
…………


सोमवार, २७ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

वरची ओळ पुन्हा वाच. वाचलीस? आता रडणं आवर आणि पुढचं वाच.

"आता आपण दोघीच" असं मी म्हणाले होते, खरं आहे. गाडी सुटत होती, नाक वाहत होतं, तोंडाला येईल ते म्हणाले. त्याचा तू नियम करून ठेवलास? तुझ्या मास्तरांकडेसुद्धा इतके कडक नियम नसतील. आणि तो हिवाळा मी तुझ्यासाठी राहिले, असं तू समजतेस. बाई, दादाशिवाय माझ्या घराचं कुलूप उघडायची मला हिंमत नव्हती. तुझ्या ताटात जेवले, कारण एकटीच्या ताटात मलाही घास जात नव्हता. कुणी कुणाला सांभाळलं त्याची वाटणी करत बसू नकोस.

वाईट वाटलं का? वाटलं. दिवसभर वाटलं. दादाचा कोट घालून बाहेर फिरून आले, तेव्हा थोडं कमी झालं. तुझ्या त्या नेमबाजांना मी दादा म्हणणार नाही, हे आधीच सांगते. दादा एकच. बायकोच्या आधीच्या नवऱ्याच्या बहिणीला काय म्हणायचं, याला आपल्या भाषेत शब्दच नाही, मी बराच विचार केला. तेव्हा त्यांनीही मला वन्संच म्हणावं. मी त्यांना तोंडावर धूसरपंत म्हणेन.

एक गोष्ट मात्र तुझ्या ध्यानात आली नाही, एवढं टार्गेट घरी आणून ठेवलंस तरी. गप्प राहिला असता तर तुझा दहा त्या माणसाला फुकट मिळत होता. सगळ्यांसमोर म्हणाला, यांचा आहे, यांना द्या. असा माणूस तुझ्यापासून तुझी वन्सं कशाला काढून घेईल?

पुढच्या रविवारी मी येते आहे. मलाही एकदा ते पिस्तूल धरायचं आहे. चष्मा नको, मला अजून लांबचं स्वच्छ दिसतं, म्हणून तर तुम्ही दोघं दिसलात. मी यायच्या आत त्यांना हो म्हणून टाक, वेळ संपत आली असेल.

तुझं पत्र सोबत परत पाठवते. खालची कोरी जागा भरली आहे. पेन्सिलीने नाही, शाईने.

तू जिची वहिनी आहेस ती,
तुझी वन्सं