परवान्यावर शिक्का न बसण्याबाबत

तीर्थरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार. (खोली अरुंद आहे. पलंग आणि टेबल यांच्या मध्ये आडवं झाल्यावर आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली. उरलेली तीन टेकली असं समजून घ्यावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरत जा. कठडा धरला म्हणजे माणूस म्हातारा होत नाही, असं काकू म्हणते आणि तिला माझा इतक्या लांबून पाठिंबा आहे. इकडे मी खुशाल आहे. पहिल्या सत्रात पास झालो, एका विषयात तर वर्गात तिसरा आलो (वर्गात अकराजण आहेत). स्वयंपाक स्वतः करतो. भात आता एकसारखा होतो, म्हणजे एक तर सगळा कच्चा राहतो किंवा सगळा गिचका होतो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही अर्ध्या मिनिटात ‘बरं, काकूशी बोल’ म्हणता, आणि ही गोष्ट काकूशी बोलायची नाही. आईशी तर नाहीच. पत्र लिहिण्यास कारण असं की माझ्या परवान्याचं जरा खोळंबलं आहे. घाबरण्यासारखं काही नाही. फार तर या महिन्याअखेरीस मला शिक्षण सोडून कायमचं घरी यावं लागेल, एवढंच.

आता पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सांगितलेलं तुम्हाला खपत नाही. पासपोर्टमध्ये मी कोण हे लिहिलेलं असतं. परवान्यात मी इथे काय करायचं आणि काय करायचं नाही हे लिहिलेलं असतं. तो एकच कागद असतो, वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, फिकट हिरवा. त्याच्या अटी थोडक्यात अशा: वर्गाला पूर्ण वेळ हजर राहायचं, पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचं, आणि नोकरी केलीच तर विद्यापीठाच्या आवारात, तीही त्यांची चिठ्ठी घेऊन. बाहेर काम करायचं नाही, स्वतःचा धंदा तर अजिबात काढायचा नाही. शिवाय दुसऱ्या सत्रापासून दर सत्राच्या सुरुवातीला परवान्याच्या कचेरीत मूळ कागद घेऊन जायचं आणि त्याच्या मागच्या बाजूला शिक्का मारून घ्यायचा. अटी साध्या आहेत. मी त्या पाळूनही होतो, निदान मला तसं वाटत होतं.

तर तुम्ही दिलेलं मशीन. निघायच्या आदल्या दिवशी सामान दोन किलो जास्त भरत होतं तेव्हा तुम्ही दोन्ही स्वेटर बाहेर काढून लॅमिनेशनचं जुनं मशीन आत ठेवलंत (स्वतःसाठी नवं आधीच घेऊन ठेवलं होतंत) आणि म्हणालात, थंडी अंगावर काढता येते, कागद गेला की गेला. (थंडी अंगावर काढतो आहे. इथे ती पाच महिने असते.) त्याचबरोबर तुम्ही मला तीन नियम सांगितलेत. एक, हाती आलेला सरकारी कागद त्याच दिवशी लॅमिनेट करायचा. दोन, वाचायचा नंतर, कारण वाचताना चहा सांडतो. तीन, सरकारी खिडकीवर खोटं बोलायचं नाही आणि विचारलं त्याहून जास्तही बोलायचं नाही. परवाना मिळाला त्याच दिवशी मी पहिला नियम पाळला. काम सुरेख झालं, एक बुडबुडा नाही की सुरकुती नाही. मग दुसऱ्या नियमाप्रमाणे चहा घेऊन निवांत वाचायला बसलो. मागच्या बाजूला अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा कागद प्लास्टिकमध्ये बंद केल्यास रद्द समजला जाईल. काका, प्लास्टिकमधून ती ओळ फार स्वच्छ वाचता येत होती.

इथे माझी पहिली चूक झाली, ती कबूल करतो. त्याच दिवशी कचेरीत जाऊन सांगायला हवं होतं. मी विचार केला की अशा ओळी कोणी मनावर घेत नाही. आपल्याकडे ‘येथे थुंकू नये’ असंही लिहिलेलं असतं.

दुसरी चूक मोठी आहे. या घरात आम्ही पाचजण राहतो, पाच देशांचे, सगळे त्याच आठवड्यात आलेले. माझ्या शेजारच्या खोलीत एक साडेसहा फुटी मुलगा आहे, त्याला मी मनातल्या मनात लंबू म्हणतो. (प्रत्यक्षात त्याच्या नावाने हाक मारतो, पण ते मला नीट उच्चारता येत नाही, आणि माझं त्याला.) लंबूने टेबलावर माझा परवाना पाहिला आणि तो हरखून गेला. वाकवून पाहिला, नळाखाली धरून पाहिला. मलाही करून देशील का, म्हणाला. आता आपल्या घरात दारात कागद घेऊन आलेल्या माणसाला कधी नाही म्हटलंय? मी करून दिला. आणि ती बारीक ओळ? तोपर्यंत मी तिचा विचार सोडून दिला होता. मग बाकीचे तिघे आले. लंबूने त्या आठवड्यात आणि पुढच्याही माझ्या वाट्याची भांडी घासली. दुसऱ्याने डझनभर अंडी आणून ठेवली. तिसऱ्याने सायकल वापरायला दिली आणि चौथ्याने माझे केस कापले. (कान शाबूत आहेत.) मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पण भांडी कुणी घासतो म्हटल्यावर त्याच्या हातातून ओढून घ्यायची का?

पुढे ते चौघे कधीही, अगदी आंघोळीला निघालो असतानाही, ग्रंथालयाचं ओळखपत्र नाहीतर वर्गाचं वेळापत्रक घेऊन यायला लागले. तेव्हा मी तुमच्या दारावर असते तशीच एक पाटी लिहून फ्रिजवर लावली: ‘कागद आणावेत. अर्ध्या तासात तयार. वेळ संध्याकाळी सहा ते आठ. रविवारी बंद.’ तुमच्या पाटीवर रविवारी बंद आहे ते काकूने बजावल्यामुळे. माझ्या पाटीवर का होतं, ते मला सांगता येणार नाही. हात आपोआप तसा वळला.

दुसरं सत्र लागलं तसे आम्ही पाचही जण एकत्र शिक्क्याला गेलो. कचेरी स्वच्छ आहे, बसायला खुर्च्या आहेत, आणि तुमच्या जुन्या कचेरीसारखाच तिथलाही एक पंखा नुसता आवाज करतो. खिडकीवर एक बाई होत्या, काकूच्या वयाच्या, चष्म्याला दोरी. पहिला नंबर लंबूचा. बाईंनी परवाना उलटा केला, शिक्का शाईवर दाबला आणि कागदावर मारला. शिक्का उमटला, बाईंनी कागद उचलला आणि शिक्का हळूहळू खाली घसरायला लागला. त्यांनी अंगठ्याने पुसून पाहिलं. सगळा शिक्का अंगठ्यावर आला. त्यांनी आणखी दोनदा मारला, दुसरी शाई आणून मारला. मग कागद उजेडाकडे धरला, नखाने कड खरवडली, आणि लंबूकडे अशा नजरेने पाहिलं की साडेसहा फुटांचा तो मुलगा माझ्याएवढा झाला. दुसऱ्याचा कागद आला, तोही तसाच. तिसऱ्याचा, चौथ्याचा. पाचवा मी. माझ्या वेळी बाईंनी शिक्का उचललाच नाही.

त्यांनी आम्हाला एकेक फॉर्म दिला, नवी प्रत मागण्याचा. त्यात दोन प्रश्न असे होते: कागदाचं नुकसान तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणी केलं असल्यास त्याचा तपशील द्या, आणि त्या कामासाठी त्याला काही दिलं असल्यास तेही लिहा. चौघांनी मनापासून लिहिलं. माझं नाव, माझा खोली क्रमांक. एक आठवडा भांडी, अंडी, सायकल, केस. लंबू तर फार दिलदार मुलगा आहे. मला मदत व्हावी म्हणून त्याने ‘उत्तम काम, वेळेवर’ असा शेरा मारला आणि पुराव्यादाखल फोनमधला फ्रिजवरच्या पाटीचा फोटो बाईंना दाखवला. बाईंनी तो आपल्याकडे मागून घेतला. मग त्यांनी मला विचारलं, हे खरं आहे का? मी तिसऱ्या नियमाचा पूर्वार्ध पाळला आणि हो म्हणालो. उत्तरार्ध मात्र विसरलो आणि भांडी एक नव्हे, दोन आठवडे घासली होती, हेही सांगून टाकलं.

त्या चौघांना नव्या प्रती मिळाल्या. माझी अडकली. कारण आता प्रश्न प्लास्टिकचा राहिला नाही. कामाच्या ठरावीक वेळा, साप्ताहिक सुट्टी, गिऱ्हाईक आणि मोबदला, हे सगळं पाहता मी परवान्याची अट मोडून धंदा चालवत होतो असं त्यांचं म्हणणं आहे. सव्वीस तारखेला सुनावणी आहे. धंदा ठरला तर परवाना रद्द आणि तीस तारखेच्या आत घरी. विद्यापीठात आम्हा परदेशी मुलांचे एक सल्लागार आहेत, मऊ आवाजाचे, त्यांच्या टेबलावर तीन कुंड्या आहेत. त्यांनी सगळं ऐकून आधी कपाळाला हात लावला, मग कुंड्यांना पाणी घातलं, आणि मग म्हणाले की वीस वर्षांत असं प्रकरण पाहिलं नाही.

त्यांच्या सांगण्यावरून मी पुन्हा खिडकीवर गेलो. बाईंनी विचारलं की मुळात कागद दिसला की प्लास्टिकमध्ये घालायचा, हे तू शिकलास कुठे? मी म्हटलं, काकांकडे. आणि काका, मग मी त्यांना बाबांच्या कागदांचं सांगितलं. बाबा गेले तेव्हा त्यांचे नोकरीचे सगळे कागद मोरीवरच्या माळ्यावर होते आणि नळ फुटून त्यांचा लगदा झाला होता. त्यानंतर चार वर्षं आई पेन्शनसाठी खेटे घालत होती, आणि त्यातल्या प्रत्येक खेपेला तुम्ही तुमची रजा टाकून तिच्याबरोबर होता. पेन्शन सुरू झाली त्याच आठवड्यात तुम्ही हे मशीन घेतलंत. मला तेव्हा फक्त एवढं कळलं होतं की काकांनी माझा पहिलीचा निकाल प्लास्टिकमध्ये घालून दिला आणि आता तो पावसात नेला तरी चालेल.  बाईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, तुझे काका याचे किती घेतात? मी म्हटलं, अकरा वर्षांत कुणाकडून काही घेतलेलं नाही, अख्ख्या इमारतीचे कागद त्यांनी असेच करून दिलेत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे लिहिलं, ‘लेखी पुरावा हवा.’ त्याची तजवीज मी करतो आहे. तुम्ही मुळीच काळजी करू नका.

एक सांगायचं राहिलं. या सगळ्यात मला तुमचा राग एकदाही आला नाही. थंडीचा आला, लंबूचा दोनदा आला, माझा तर रोज येतो. तुमचा नाही.

काकूला नमस्कार, आईला ‘सगळं ठीक’. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक (जरा जास्तच)
पुतण्या

ता. क. : तजवीज म्हणजे तुम्हीच. एक पत्र लिहून हवं आहे की लॅमिनेशन हा आपल्या घराचा धंदा नसून सवय आहे, ती मला लहानपणी तुमच्याकडून लागली, आणि तुम्ही अकरा वर्षांत कुणाकडून मोबदला घेतलेला नाही. खाली इमारतीतल्या पाच-सहा जणांच्या सह्या घ्या. फोनवरचा फोटो चालत नाही, शाईच्या सहीचा मूळ कागद लागतो. सव्वीसच्या आत पोचायला हवा, तेव्हा हे पत्र वाचून घडी घालायच्या आधी चपला घाला.

ता. क. दुसरा : तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची सही घेऊ नका. त्यांच्या दवाखान्याचे सगळे कागद तुम्ही करून दिलेत आणि त्यानंतर त्यांनी तुमची कवळी तशीच, पैसे न घेता करून दिली, हा निव्वळ योगायोग आहे हे मला ठाऊक आहे, पण बाई चौकस आहेत. हे खोटं बोलणं नव्हे. विचारलं त्याहून जास्त न बोलणं आहे.

ता. क. तिसरा, आणि हाच महत्त्वाचा : ते पत्र लॅमिनेट करू नका. मला माहीत आहे, सह्या झाल्या की तुमचा हात नव्या मशीनच्या बटणाकडे जाईल. काकूला तेवढा वेळ बटणापाशी बसवा. साध्या पाकिटात घाला. वाटेत कोपरा भिजला तर भिजू दे. मात्र प्रती दोन काढा, दोन्हींवर तुमची सही करा. एक बाईंसाठी. दुसरी माझ्यासाठी, आणि तिच्यावर कुणाला शिक्का मारायचा नाहीये. जुनं मशीन अजून माझ्याकडेच आहे.